गावाचा नकाशा लागला, आता काय? विकास योजनेतली हरकत आणि तिच्या आधीचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपंचायतीची पहिलीच प्रारूप विकास योजना जाहीर झाली. नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागला आणि प्रश्नकर्त्यांच्या वडिलोपार्जित 22 गुंठ्यांवर बागेचं आरक्षण दिसलं. कोपरा कापून 12 मीटरचा रस्ताही जातो. शेजारीच गायरान मोकळं पडलेलं आहे. हरकत घ्यायला 30 दिवस. गावात सगळे म्हणतात की हरकती-सुनावण्या म्हणजे नाटक, सगळं आधीच ठरलेलं असतं. हे खरं का? आणि आम्हाला आधी कुणी विचारलं का नाही?

मी नगररचना खात्यात रचना सहायक म्हणून लागलो आणि नगररचनाकार म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बहुतेक वर्षं सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेली. असे नकाशे भिंतीवर लावणाऱ्यांत मीही होतो, तेव्हा माझं म्हणणं थोडं त्या बाजूने झुकलेलं वाटलं तर समजून घ्या.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. तुम्हाला विचारलं होतं. ते तुमच्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे योजना करण्याआधी नगरपंचायतीला इरादा जाहीर करावा लागतो. कलम 23. ती सूचना राजपत्रात येते, स्थानिक पेपरातही येते आणि तेव्हाही लोकांकडून सूचना मागवतात. पण पेपरात ती कुठे येते? आतल्या पानावर, वारसनोंदीच्या जाहीर नोटिसा आणि हरवलेल्या गुणपत्रिकांच्या मध्ये, मुंगीच्या अक्षरात. भाषा अशी की वकिलालाही दोनदा वाचावी लागावी. गावात दवंडी नाही, शाळेत फलक नाही. कायद्याचं काम झालं, लोकांचं राहिलं.

त्यानंतर येतं ते कलम 25 चं सर्वेक्षण. गावात आज कोणती जमीन कशाला वापरली जाते याचा नकाशा करायचा. कचेरीत आम्ही त्याला ईएलयू म्हणतो, मराठीत विद्यमान जमीन वापर नकाशा. यासाठी सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे. या काळात दोन-तीन पोरं हातात नकाशा किंवा टॅब घेऊन गल्लीबोळ हिंडतात. लोकांना वाटतं घरपट्टीवाले आले. मग काय होतं बघा. पुढच्या खोलीत किराणा दुकान असलं तरी माणूस म्हणतो, "दुकान न्हाई, घरच हाय हे. पोरगं जरा बसतंय तिथं." व्यापारी वापर लागला तर पट्टी वाढेल ही भीती. पोरगं खाली 'निवासी' लिहितं आणि पुढे जातं. असं अख्ख्या रस्त्याने केलं की कागदावर बाजारपेठ उरतच नाही. दोन वर्षांनी तोच रस्ता विचारतो, आमच्याकडे पार्किंगचं आरक्षण का नाही? अहो, कागदावर तिथे दुकानंच नाहीत. मी हे एका गावात डोळ्यांनी पाहिलंय. सोमवारच्या बाजाराला पाय ठेवायला जागा नसलेला रस्ता आमच्या नकाशावर शांत पिवळा रंगून आला होता. पिवळा म्हणजे निवासी. बाजाराच्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिलं म्हणून कळलं.

लोकसहभागाची खरी वेळ ही. योजनेवर लोकांचा सगळ्यात जास्त हात चालतो तो या महिन्यांत, आणि नेमका तेव्हाच कुणी येत नाही. रंग भरून झाल्यावर गर्दी होते. एकदा आरक्षण कागदावर पडलं की ते हलवायला कारण द्यावं लागतं, समिती लागते, ठराव लागतो. पडण्याआधी मात्र एका माणसाचं एक वाक्य पुरतं.

ते वाक्य कसं असतं त्याचा एक अनुभव सांगतो. कृष्णाकाठचं सांगली भागातलं एक गाव. गावठाणाला लागून सपाट, मोकळी, रस्त्यालगतची जमीन होती. शाळेच्या आरक्षणाला याहून चांगली जागा नाही असं आम्हा तिघांचंही मत पडलं. शेजारच्या बांधावर एक आजी वैरण कापत होत्या. त्यांनी विचारलं, "काय मापताय?" शाळेला जागा बघतोय म्हणालो. विळा खाली ठेवून त्या हसल्या. "हितं? पावसाळ्यात पोरं पवत येत्याल का शाळंला? ह्यो ओत हाय न्हवं."

सांगलीकडे ओत म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. तो नाला नसतो. काठ नसतो, उन्हाळ्यात पाणी नसतं, पीकही निघतं. पण नदी फुगली की पाणी आधी ओताने आत येतं, आणि पाऊस पडला की रानातलं पाणी ओतानेच बाहेर जातं. गटनकाशावर नाल्याची दुहेरी रेघ असते, ओताची काहीच खूण नसते. आमच्या तिघांच्या पदव्या, उपग्रहाचं चित्र, समतल रेषा या कशातच ते दिसत नव्हतं, कारण उतार जेमतेम दोन-तीन फुटांचा. आजींनी शेवग्याच्या झाडावर हात ठेवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. माझ्या छातीला लागेल एवढं. शाळा दुसरीकडे गेली आणि त्या जागेवर आम्ही मैदान टाकलं. मैदान चार दिवस पाण्यात राहिलं तर गाळ काढला की झालं. शाळा, दवाखाना, अग्निशमन केंद्र यांचं तसं नसतं.

सांगलीत ही गोष्ट किती महाग पडते हे 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी दाखवलंय. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. जलसंपदा खातं निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखून देतं. ढोबळमानाने निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथे बाग, मैदान असे मोकळे वापरच चालतात. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथे बांधकामाला जोत्याच्या उंचीसारख्या अटी. रेषा मात्र नदीच्या आहेत. ओत भरावाने बुजवल्यामुळे शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या उपनगरांत जे पाणी तुंबतं, त्याला नदीला पूर यावा लागत नाही. तिथे निम्म्या प्लॉटांचा इतिहास गुंठेवारीचा. शेत तोडून गुंठा-दोन गुंठे, म्हणजे 1,089 चौरस फुटांच्या पटीत विकलेले, रस्ता खरेदीखताच्या चतुःसीमेत लिहिण्यापुरता. 2001 साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, पुढे 2021 मध्ये त्याची मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना लागू झाली. कागद नियमित होतो, पाण्याची वाट होत नाही. असो, गुंठेवारीवर बोलायला लागलो तर तुमचे 30 दिवस इथेच संपतील.

साताऱ्याकडे पुराऐवजी उताराची अडचण. अजिंक्यताऱ्यावरून खाली येणारे ओढे पेठांमधून जातात आणि दर पिढीला थोडे थोडे अरुंद होतात. 2020 मध्ये सातारा पालिकेची हद्दवाढ होऊन शाहूपुरी, विलासपूर असे भाग आत आले. अशा नव्याने आत आलेल्या कुठल्याही उपनगरात पहिला प्रश्न रस्त्याचा असतो, कारण दोन्ही बाजूंना घरं आधी उभी राहतात आणि रुंदी नंतर ठरते. तुमची नगरपंचायत अजून लहान आहे. तुमच्या कोपऱ्यावरून 12 मीटरचा रस्ता आज काढला तर बांध जातो, वीस वर्षांनी काढला तर भिंती जातील.

आता तुमच्या 22 गुंठ्यांकडे येऊ.

पहिलं काम म्हणजे भिंतीवरचा नकाशा फोनमध्ये टिपून वकिलाकडे पळू नका. नगरपंचायतीत शुल्क भरून तुमच्या गटाचा भाग नकाशा घ्या आणि त्याहून महत्त्वाचं, योजनेसोबतचा नियोजन अहवाल वाचायला मागा. नकाशा सगळे बघतात, अहवाल कुणी उघडत नाही. त्यात पुढच्या वीस वर्षांची लोकसंख्या किती धरली, गावाचे विभाग कसे पाडले, कोणत्या विभागात बाग, शाळा, दवाखाना यांची किती गरज काढली, याचे तक्ते असतात. तुमच्या 22 गुंठ्यांवर आरक्षण का पडलं याचं उत्तर त्या तक्त्यात आहे. रागाने उत्तर मिळत नाही, तक्त्याने मिळतं.

दुसरं, गायरान. सरकारी जमीन आधी, खासगी नंतर, हे आमच्या कामातलं जुनं तत्त्व आहे. तरी ते टाळलं असेल तर कारण शोधा. त्या गायरानावर दुसरंच काही दाखवलंय का? कचरा प्रकल्प, घरकुलं, टाकी? अतिक्रमण आहे का? रस्ता पोचतो का? सातबारा काढा, इतर हक्कांत काय नोंदी आहेत बघा, जमलं तर भूमी अभिलेखकडून मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा सरकारी मोजणीचा नकाशा, मिळवा. आणि एकदा चालत जा. गायरान गावठाणापासून दोन किलोमीटर माळावर असेल तर संध्याकाळी नातवाला घेऊन कुणी तिथे जाणार नाही आणि समितीही तुमचं ऐकणार नाही. पण तुम्ही म्हणता ते लागून आहे. मग तुमची बाजू चांगलीच भक्कम आहे.

तिसरं, हरकतीचा मजकूर. सुनावण्यांत शेकड्यांनी अर्ज मी वाचलेत. त्यातले बहुतेक एकाच झेरॉक्सवर, नाव आणि गट नंबर तेवढे पेनाने भरलेले. 'सदर जमीन आमचे उपजीविकेचे एकमेव साधन असून आरक्षणामुळे आमचे कुटुंब रस्त्यावर येईल.' बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण समितीपुढे सगळ्यांचंच एकमेव साधन असेल तर बाग कुणाच्या जमिनीवर करायची? समितीला 'नको' म्हणून चालत नाही, कारण गावाची गरज तशीच राहते. तुम्ही फक्त 'काढा' म्हणालात तर ती तुमचा अर्ज अमान्यच्या ढिगात टाकायला मोकळी होते. 'इथून उचलून तिथे टाका, आणि तिथे का जमेल ते बघा' असं म्हणालात तर तिला विचार करावा लागतो, नाही म्हणायचं तर कारण लिहावं लागतं.

साधारण असं लिहा:

'गट क्रमांक अमुक, क्षेत्र 22 गुंठे, यावर आरक्षण क्रमांक तमुक (बाग) प्रस्तावित आहे. या विभागात बागेची गरज आहे हे आम्हास मान्य आहे. सदर गटाच्या पूर्वेस लागून गट क्रमांक अमुक हे शासकीय गायरान असून त्याचा सातबारा उतारा, गटनकाशा व मोजणीची क प्रत सोबत जोडली आहे. नियोजन अहवालातील तक्त्याप्रमाणे या विभागास आवश्यक असलेले क्षेत्र सदर गायरानात उपलब्ध आहे. तेथे जाण्यास आज वापरात असलेला रस्ता आहे, छायाचित्रे जोडली आहेत. तरी सदर आरक्षण गायरानावर स्थलांतरित करावे. ते पूर्णपणे शक्य नसल्यास आरक्षण दोन्ही गटांत विभागून आमच्या गटातील क्षेत्र कमी करावे. आम्हास समक्ष सुनावणीची संधी द्यावी.'

कलम 26 खालील सूचनेस अनुसरून, असा उल्लेख विषयात करा. शेवटची 'शक्य नसल्यास' वाली ओळ विसरू नका. सगळं किंवा काहीच नाही असं मागणाऱ्याला बहुधा काहीच नाही मिळतं. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. तिसाव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता जाऊ नका, त्या दिवशी आवक खिडकीवर लग्नाची पंगत असते.

रस्त्याची हरकत मात्र वेगळ्या कागदावर लिहा. बाग आणि रस्ता एकाच अर्जात घातले की एका ओळीच्या शेऱ्याने दोन्ही निकाली निघतात. रस्त्याबाबत भावना बाजूला ठेवून आखणीवर बोला. रेषा दोन गटांच्या सामाईक बांधावरून घेतली तर दोघांची जमीन सारखी जाते, विहीर वाचते, वळण सरळ होतं, असं काही दाखवता आलं तर बघा. रेघ आखणाऱ्याला तुमची विहीर दिसलेली नसते बरं का. कित्येकदा झाडाखाली झाकलेली विहीर आमच्या नकाशावर नव्हतीच, हे मी कबूल करतो.

आणि एक पथ्य. आरक्षण दुसऱ्या खासगी माणसाच्या जमिनीवर ढकलण्याची मागणी शक्यतो करू नका. एक तर भावकीत आयुष्यभराचं वैर होतं. दुसरं, ज्याच्यावर नव्याने आरक्षण जाईल त्यालाही म्हणणं मांडायचा हक्क आहे आणि त्याला ती संधी न देता केलेला बदल पुढे शासनाकडे किंवा कोर्टात टिकणं अवघड. समितीला हे ठाऊक असतं.

आता सुनावणी. कलम 28 खाली नियोजन समिती बसते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि संचालक, नगररचना यांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. निवडून आलेले आणि तांत्रिक अशी मिसळ मुद्दाम ठेवलेली आहे. मधल्या काही वर्षांत राज्यातल्या कित्येक नगरपालिकांवर प्रशासक होते, तेव्हा ही मिसळच राहिली नाही, आणि त्या काळात लोकांचं म्हणणं मांडणारं आत कुणी नव्हतं ही तक्रार रास्त आहे. नाटक म्हणता, तर नाटकासारखं दिसतं हे खरं. सभागृहात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखा कर्कश, नाव पुकारल्यावर तुम्हाला मिळतात जेमतेम तीन-चार मिनिटं. त्यात अर्धा वेळ लोक आजोबांपासूनचा इतिहास सांगतात. समितीतल्या जाणकारांनी तोवर नकाशा उलगडलेला असतो आणि ते तुमचा गट शोधत असतात. म्हणून गेल्या गेल्या आधी बोट ठेवा. "हा आमचा गट, हे गायरान, हा रस्ता." मग बोला. फोटो फोनमध्ये दाखवू नका, छापून न्या. फोन एका हातातून दुसऱ्या हातात जातो तोवर वेळ संपतो आणि तुमच्या पुतणीच्या बारशाचे फोटो सगळी समिती बघून घेते.

एका सुनावणीत भाजीमंडईच्या आरक्षणावर शेतकरी आणि भाजीवाल्या बायका दोघंही हरकत घेऊन आले होते. शेतकऱ्यांना जमीन जाऊ नये असं वाटत होतं. बायकांचं म्हणणं वेगळंच होतं. मंडई हवी, पण तिथे नको, कारण एसटी स्टँडपासून ती लांब होती आणि पाट्या डोक्यावर घेऊन तिथवर कोण जाणार? शेतकऱ्यांच्या वकिलाने पाऊण पान वाचलं. एका बाईने एवढंच सांगितलं की सकाळची पहिली एसटी येते तेव्हा गिऱ्हाईक स्टँडवरच असतं, मंडईत न्यायचं तर त्याला हाताला धरून न्यावं लागेल. आरक्षण हललं ते त्या वाक्यामुळे, असं मला आजही वाटतं. दोन्ही गटांनी आधी एकत्र बसून एकच अर्ज दिला असता तर काम आणखी सोपं झालं असतं, पण ते एकमेकांना सुनावणीच्या दिवशीच भेटले.

समितीचा अहवाल झाला की नगरपंचायतीची सर्वसाधारण सभा त्यावर ठराव करते, बदल झाले तर ते प्रसिद्ध होतात आणि योजना कलम 30 खाली शासनाकडे जाते. तिथून कलम 31 खाली मंजुरी. शासनाला मोठे बदल करायचे असतील तर तेवढा भाग बाजूला काढून त्यावर पुन्हा हरकती मागवतात, म्हणजे दुसरी संधी असते, पण ती सगळ्यांना नाही. तुमच्या हरकतीवर समितीने काय शेरा मारला हे माहिती अधिकारात मागा. कारण लिहिलेलं नसेल, नुसतं 'अमान्य' असेल, तर ते शासनाला लेखी कळवा. शासनाकडे गेलेला अर्ज फाईलला लागतो, तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. ठरावाच्या सभेच्या आधी तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला भेटायला विसरू नका. मतं मागायला तो आला होता, आता तुम्ही जा.

समजा, एवढं करूनही आरक्षण राहिलं. नकाशा लागल्यावर तिसऱ्या दिवशी दारात येणाऱ्या एजंटपासून सावध राहा. "आता या जमिनीला किंमत शून्य, मी म्हणून घेतो" ही त्याची ठरलेली ओळ. आरक्षणाने जमिनीची मालकी जात नाही. सातबारा तुमचा, पीक तुमचं. बांधकाम मात्र करता येत नाही. नगरपंचायतीला ती जमीन कलम 126 प्रमाणे घ्यावी लागते. वाटाघाटीने पैसे देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (जास्त बांधकामाची मुभा) देऊन, नाहीतर भूसंपादन करून. लहान गावात टीडीआर विकत घेणार कोण हा प्रश्न आहे, सांगली महापालिकेसारख्या ठिकाणी त्याला थोडाफार तरी उठाव असतो. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आणखी एक वाट आहे. काही आरक्षणं मालकाने स्वतः विकसित करून ठरलेला भाग नगरपंचायतीला द्यायचा आणि उरलेला आपण वापरायचा. तुमच्या आरक्षणाला ती तरतूद किती लागू होते हे नगररचना शाखेत विचारा, त्यांनी लेखी सांगितलेलं तेवढं खरं धरा.

आणि कलम 127. लोक याची तारीख हमखास चुकवतात. अंतिम योजना अमलात आल्याच्या दिवसापासून 10 वर्षं मोजायची, आता भिंतीवर लागलेल्या प्रारूपापासून नाही. त्या 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकीच्या कागदांसह खरेदी सूचना पाठवता येते. सूचना मिळाल्यापासून 24 महिन्यांत त्यांनी जमीन घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ही मुदत पूर्वी कमी होती, 2015 च्या दुरुस्तीने 24 महिने झाली, त्यामुळे जुने जाणते लोक वेगळा आकडा सांगतील. नुसता सभेत 'जमीन घ्यावी' असा ठराव केला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही. सूचना पोचपावतीच्या टपालानेच पाठवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर 127 हा हक्क म्हणून योग्य आणि गावासाठी दुर्दैवी आहे. दहा वर्षं नगरपंचायतीने पैसे उभे केले नाहीत, आरक्षण सुटलं, तिथे प्लॉटिंग झालं आणि मग मुलं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. एक एकराच्या वरच्या रेखांकनात, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या आराखड्यात, 10 टक्के खुली जागा सोडावी लागते. त्या जागांचं गावोगाव काय झालंय ते तुम्हीच फिरून बघा, कुठे मंदिर, कुठे कुणाचा ट्रॅक्टर, कुठे नुसतं कुंपण. म्हणून मी हरकत घ्यायला सांगताना बागच नको असं लिहू नका म्हणतो.

हद्दीबाहेरच्या गावांतल्या कुणी हे वाचलं तर त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमच्याकडे ग्रामसभा आहे, वर्षाला किमान चार. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. नको असलेले ठराव त्या दुसऱ्या सभेत होतात, तेव्हा तीच सभा चुकवू नका. शहरांतही प्रभागाच्या पातळीवर क्षेत्रसभेची तरतूद 2009 साली कायद्यात आली, पण अशी सभा नियमित भरताना मी तरी पाहिली नाही. भरली असती तर तुम्हाला नकाशा भिंतीवर पाहावा लागला नसता.

तुमच्यासाठी शेवटचं. उद्याच गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना घेऊन गायरानावर चक्कर मारा. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, जनावरं कुठून जातात, जुनी वाट कुठली, सगळं विचारा आणि गटनकाशावर पेन्सिलीने काढा. तोच कागद अर्जाला जोडा. सुनावणीच्या पत्रावर सकाळी अकराची वेळ असेल. डबा आणि पाण्याची बाटली बरोबर न्या, नंबर जेवणाच्या सुट्टीआधी लागत नाही.